सात दिवसांचं पाणी

मिस्त्रींनी तीनदा 'नाही' म्हटलं आणि तिन्ही वेळा बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चाळीस वर्षं वर्गात काढलेली माणसं अशीच. समोरच्याचं उत्तर चुकलं की रागावत नाहीत, नुसती थांबतात.

"बाई, मी दमलोय हो," मिस्त्री शेवटी म्हणाले. "खरंच दमलोय. गुडघे गेलेत, उत्साह गेलाय. तुमच्या बैठकीला येतो तेसुद्धा इथली खुर्ची चांगली आहे म्हणून."

खुर्ची टेलरची होती. बैठक टेलरच्याच दुकानात भरायची, भिंतीवर टांगलेल्या बिनबाह्यांच्या कोटांखाली. एकेकाळी या बैठकीला साठ-सत्तर माणसं यायची, उभं राहायला जागा नसायची. आता चौघं उरले होते. निवृत्त मुख्याध्यापिका म्हणजे बाई, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर, स्वतः टेलर आणि मिस्त्री. चौघांचं मिळून वय काढलं तर अडीचशेच्या वर गेलं असतं.

प्रकरण ओढ्याचं होतं. वस्तीच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना, आणि त्याचं सगळं सांडपाणी एका मोठ्या पाइपातून सरळ ओढ्यात. आज कारखान्यात कुठल्या रंगाचं कापड चाललंय हे विचारायला गेटवर जावं लागायचं नाही, ओढा बघितला की झालं. आठ वर्षं यांनी अर्ज केले. कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. पाण्याच्या बाटल्या भरभरून नेल्या. एका साहेबानं तर बाटली खिडकीतल्या उजेडात धरून "रंग मात्र सुंदर आहे" असं म्हटलं होतं, आणि हसला होता मेला. मग यांनी कायदा मोडायचं ठरवलं. पाइपाच्या तोंडाशी वाळूची पोती रचली. रखवालदारांनी ती तासाभरात उपसून फेकली. पुन्हा रचली, पुन्हा फेकली. रस्त्यावर बसले, उचलून नेले, सोडले, पुन्हा बसले. नाकी नऊ आले सगळ्यांच्या, पोलिसांच्यासुद्धा.

बाईंचा नियम एकच. लपूनछपून काही करायचं नाही. करायचं, तिथेच बसायचं, आणि विचारलं की 'हो, मी केलं' म्हणायचं.

या नियमापायी मिस्त्री गेल्या वर्षी कोर्टात उभे राहिले होते. पोती रचणाऱ्यांत ते पहिले, रस्त्यावर बसणाऱ्यांतही पहिले, त्यामुळे नाव सगळ्यात वर. मॅजिस्ट्रेटबाईंनी सहा महिन्यांची शिक्षा सुनावली आणि वय बघून ती तूर्त बाजूला ठेवली. "दोन वर्षांत पुन्हा काही केलंत तर मात्र सहा महिने आत जाल, तेव्हा माझ्याकडे बघू नका," असं बजावलं. त्या दोन वर्षांतले अजून सात महिने जायचे होते.

"तुम्हाला बसायला कोण सांगतंय?" बाई म्हणाल्या. "बॉयलरच्या दुरुस्तीसाठी कारखाना चार दिवस बंद आहे. पाइप कोरडा असणार. पोती उपसता येतात, भिंत उपसता येत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी भिंत बांधा आणि घरी जा. आम्ही तिघं तिथे बसतो. पोलिसांना चिठ्ठी देतो की आम्ही बांधली. आमच्यावर तसली शिक्षा नाही. दंड होईल, भरू."

"म्हणजे काम माझं आणि सही तुमची."

"हो."

"आणि तुमचा तो नियम?"

बाई पहिल्यांदाच खाली बघायला लागल्या. टेलर उगीच कात्री पुसत बसला. मग सिस्टरच म्हणाल्या, "नियम आमच्यासाठी. तुमच्या घरी वहिनी आहेत."

वहिनींच्या हातांबद्दल वस्तीत सगळ्यांना माहीत होतं.

मिस्त्रींच्या बायकोनं पंचवीस वर्षं एका लॉजच्या चादरी धुतल्या होत्या, त्याच ओढ्यावर. आधी कातडी फुटली, मग बोटं ताठ झाली, मग ती वळायचीच थांबली. ओढ्यानं झालं असं कुठला डॉक्टर लिहून देईना, आणि ओढ्यानं झालं नाही असंही कुणी तोंडानं म्हणेना. आता तिला कप धरता येत नव्हता, बटण लावता येत नव्हतं. एकुलती एक मुलगी लांब, तिच्या पदरात तान्हं मूल. तेव्हा सकाळी उठून बायकोची बटणं लावायची, तिला चहा पाजायचा आणि तिचे केस विंचरून वेणी घालायची, हे मिस्त्रींचं काम. केस कमरेच्या खाली. हेच एक तिचं वैभव उरलं होतं आणि तिला त्याचा गर्व होता. मिस्त्री वेणी घालायचे तीसुद्धा भिंत बांधल्यासारखी. तीन पेड सारखे, शेवटी दोन पावलं मागे सरून सरळ आहे का बघायचं.

"ओळंबा लावा आता," ती म्हणायची.

त्या दिवशी वेणी घालता घालता त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"भिंत टिकेल?" तिनं विचारलं.

"माझी भिंत आहे."

"मग जा. बांधा." ती वळली. "पण बांधून घरी या. हिरोगिरी नको. तुम्ही सहा महिने आत गेलात तर माझं कसं होणार ते मलाही माहीत नाही आणि तुम्हालाही. बाईंना तर नाहीच नाही."

"येतो म्हटलं ना."

"डोळ्यांत बघून सांगा."

त्यांनी डोळ्यांत बघून सांगितलं.

कारखाना बंद झाला त्याच दिवशी, उजाडल्या उजाडल्या, मिस्त्रींनी काम धरलं. पाइपाचं तोंड छातीएवढं उंच. आत वाकून शिरायचं, दोन विटांच्या जाडीची भिंत रचायची. विटा आदल्या दिवशीच टेलरच्या मागच्या अंगणात भिजत घातल्या होत्या. टेलर घमेली वाहत होता, सिस्टर वाळू चाळत होत्या, बाई सूचना देत होत्या. तासाभरानं मिस्त्रींनी बाईंना एक वीट हातात देऊन लांब उभं केलं.

खरं सांगायचं तर मिस्त्रींना मजा आली. कबूल नसते झाले, पण आली. वर्षभर हातात थापी धरली नव्हती. गुडघे बोंबलत होते, पण हात आपला आपण चालत होता. बाई म्हणाल्या, "लवकर आटपा, दोन विटा वाकड्या गेल्या तर काय बिघडतंय? पाणी अडलं की झालं." मिस्त्रींनी त्यांच्याकडे असं बघितलं की बाई पुढे बोलल्याच नाहीत. दोरी लावून, प्रत्येक थराला ओळंबा सोडून त्यांनी ती भिंत उभी केली, आणि वर दरजा, म्हणजे विटांमधल्या फटीसुद्धा भरून काढल्या. बुजवलेल्या गटाराच्या तोंडावर अशी भिंत, की कुणी दिवाणखान्यात ठेवावी.

"आता पाणी," निघताना त्यांनी बाईंना बजावलं. "सिमेंटला पाणी लागतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. सात दिवस. पहिले तीन-चार दिवस तर चुकवायचंच नाही, नाहीतर भिंत नुसती उभी राहील, आतून पीठ. पाणी हळू मारायचं, वरून."

"मिस्त्री, मला पाणी मारता येतं," बाई म्हणाल्या.

नाही येत. संध्याकाळी पलीकडच्या काठावरून मिस्त्री सहज म्हणून बघायला गेले, तर बाईंनी बादली उचलली आणि अख्खी बादली, पोरांवर ओरडावं तशी, भिंतीवर भिरकावली. ताज्या दरजा धुपून रेघोट्या उतरल्या. ते तिथूनच ओरडणार होते, पण तेवढ्यात कारखान्याचा रखवालदार दिसला आणि ते तोंड मिटून घरी आले.

रात्रभर डोळा लागला नाही. सिमेंटनं चाळीस वर्षं पोट भरलं होतं त्यांचं. आता आपलंच काम असं सुकून मरू द्यायचं?

दुसऱ्या दिवशी, धड उजाडलंही नव्हतं, तेव्हा ते झाडांना पाणी घालायचा पत्र्याचा डबा घेऊन निघाले. बायको पडल्या पडल्या म्हणाली, "कुठे?"

"पाय मोकळे करून येतो."

"डबा घेऊन?"

त्यांनी दार ओढून घेतलं. तिनंही पुन्हा विचारलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं कळतं.

भिंतीशी तिघं घोंगड्या पांघरून बसली होती. बाईंनी डोळे वटारले. "मिस्त्री! आपलं काय ठरलं होतं?"

"मी आलोच नाही. तुम्ही झोपा." मिस्त्रींनी भिंतीवर ओलं गोणपाट टाकलं, त्यावरून डब्याचं पाणी हळूहळू सोडलं, अर्धा तास, आणि निघून गेले. दुपारी, संध्याकाळीही एकेक फेरी. तिसऱ्या दिवशीही तसंच. पोलीस अजून फिरकले नव्हते. बाईंची चिठ्ठी ठाण्यात पोचली होती, पण कारखाना तसाही बंद, म्हटल्यावर म्हाताऱ्यांना उचलायची कुणाला घाई?

चौथ्या दिवशी घाई झाली. दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू व्हायचा होता. मॅनेजरनं सकाळीच ठाण्यातून इन्स्पेक्टरला गाडीत घालून आणलं, मागून छिन्नी-हातोडेवाली दोन माणसं. इन्स्पेक्टर म्हणजे तोच जुना, आठ वर्षं यांना उचलून नेणारा. त्याचे केस या लोकांना उचलता उचलताच पिकले होते. तो गाडीतून उतरला तेव्हा मिस्त्री गोणपाट बाजूला करून पाणी मारत होते. पळायला वेळ होता. पण डबा निम्मा भरलेला होता आणि खालचे दोन थर राहिले होते. काय म्हणावं या माणसाला! त्यांनी ते दोन थर पुरे केले आणि मगच वळले.

"तुम्ही इथे काय करताय?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"पाणी घालतोय."

"भिंतीला?"

"मी बांधली भिंत," बाई मध्येच उठल्या. "मी. चिठ्ठीत लिहिलंय. यांचा संबंध नाही. हे फिरायला आलेत."

इन्स्पेक्टर भिंतीजवळ गेला. बोटानं एक सांधा चाचपला. वर बघितलं, खाली बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर चिडलेपणा नव्हता, नुसता कंटाळा होता, आठ वर्षांचा. कोपऱ्यात सिमेंट-वाळूच्या मालाचं घमेलं होतं. धुपलेल्या दरजा दुरुस्त करायला मिस्त्रींनीच सकाळी मूठभर माल कालवला होता, वर थापी ठेवलेली.

"बाई, माझ्या मुलीला तुम्ही शिकवलंय," तो म्हणाला. "तुम्ही खोटं बोलत नाही अशी तुमची ख्याती. घ्या थापी. इथे एवढा सांधा उखडलाय, तेवढा भरून दाखवा. भरलात की तुमची सही घेतो, दंड लावतो, ही माणसं भिंत फोडतात आणि सगळे घरी."

मॅनेजर खूश झाला. बाईंनी थापी उचलली, उलथनं धरतात तशी. मालात खुपसली, भला मोठा गोळा काढला, भिंतीवर दाबला. गोळा क्षणभर राहिला आणि फसकन त्यांच्या पायावर पडला. त्यांनी पुन्हा घेतला. बहात्तर वर्षांची बाई, तीन रात्री उघड्यावर काढलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होती, तेही धड जमत नव्हतं. दुसरा गोळा पडला. तिसऱ्यानं त्यांनी आजूबाजूच्या चांगल्या दरजाही बरबटवल्या.

मिस्त्रींना बघवेना. भिंत बघवेना म्हणावं की बाई, हे त्यांना नंतरही कधी सांगता आलं नाही. त्या क्षणी त्यांना बायकोचे केस आठवले, तिला डोळ्यांत बघून दिलेला शब्द आठवला, सगळं आठवलं. आठवूनही ते पुढे झाले.

"आणा इकडे," ते म्हणाले आणि त्यांनी बाईंच्या हातून थापी काढून घेतली. "असं नसतं करायचं."

थापीच्या टोकावर सुपारीएवढा माल घेतला, सांध्यात ढकलला, अंगठ्यानं दाबला, एक रेघ ओढली. मग दुसरा. मग बाईंनी बरबटवलेलंही साफ केलं. सिस्टर रडत होत्या. काम संपल्यावर मिस्त्रींनी थापी धुतली, पुसली आणि इन्स्पेक्टरसमोर उभे राहिले.

"हो, मी बांधली," ते म्हणाले. म्हणताना बरं वाटलं त्यांना, हे मात्र खरं. भीतीही तेवढीच वाटली.

"फोडा रे," मॅनेजर माणसांना म्हणाला.

"थांबा," इन्स्पेक्टर म्हणाला. "कुणी हात लावायचा नाही. मिस्त्रींची शिक्षा बाजूला ठेवलेली आहे. आता हे प्रकरण दंडाचं राहिलं नाही, कोर्टाचं झालं. भिंत मुद्देमाल आहे. मोजमाप होईल, फोटो होतील, कोर्टाचा माणूस बघून जाईल, मग कोर्ट सांगेल तेव्हा फोडायची."

"अहो, उद्या कारखाना सुरू व्हायचाय! पाणी कुठे सोडू मी?"

"ते मला काय विचारता? पुरावा नष्ट केला म्हणून तुम्हालाच आत घ्यावं लागेल." इन्स्पेक्टरनं कागद काढला, त्यावर शिक्का मारला आणि भिंतीवर चिकटवला. कागद ओल्या विटेवर चिकटेना. मिस्त्रींनी बोटभर माल लावून दिला.

मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मी सांगितलं होतं ना?" एवढंच म्हणाल्या. सहा महिने.

तुरुंगात मिस्त्रींचा वेळ जाता जात नव्हता. सकाळी पाचला जाग यायची आणि हात आपोआप उशाशी कंगवा शोधायचे. तिला चहा कोण पाजतंय? बटणं कोण लावतंय? बाईंनी निरोप पाठवला होता, 'काळजी नसावी, आम्ही आळीपाळीनं जातो.' पण निरोपांनी का काळजी जाते! आणि भिंतीची काळजी वेगळीच. चौथ्या दिवसाचं दुपारचं पाणी राहिलं, संध्याकाळचं राहिलं, पाचवा, सहावा, सातवा तसाच गेला असणार. बाहेरून शिक्का आणि आतून पीठ. बराकीतल्या एका पाकीटमाराला त्यांनी हे दोनदा समजावून सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुम्हाला खरंच भिंतीसाठीच आत टाकलंय का?"

विसाव्या दिवशी बायको भेटीला आली.

जाळीपलीकडे ती येऊन बसली आणि मिस्त्री तिच्या डोक्याकडे बघत राहिले. केस गेले होते. मानेपर्यंत कापलेले, तेही वेडेवाकडे, एका बाजूला जास्त. कमरेखालची ती वेणी गेली होती.

"असं तोंड करू नका," ती म्हणाली. "टेलरनं कापले. कात्री त्याच्याचकडे, म्हटलं काप. बाई रोज यायच्या वेणी घालायला, तासभर लागायचा आणि अर्ध्या वाटेत सुटायची. त्यांचा जीव मेटाकुटीला, माझाही."

"वाढतील," मिस्त्री म्हणाले.

"या वयात? बरं, वाढतील." तिनं ती ताठ बोटं जाळीवर टेकवली. "मी तुमच्यावर रागावलेय. ते आधी ऐकून ठेवा. डोळ्यांत बघून सांगितलं होतंत."

"हो."

"खूप रागावलेय."

"हो गं."

शेजारच्या जाळीशी कुणाचं तरी भांडण चाललं होतं.

"पडली भिंत?" शेवटी त्यांनी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"कालपर्यंत होती. तीन आठवडे. कोर्टाचा माणूस तिसऱ्या आठवड्यात उगवला. तोवर अर्धा कारखाना बंद. ओढा खाली तळापर्यंत दिसत होता, दगड दिसत होते." ती थांबली. "काल फोडायला घेतली. सकाळी लागले ते अंधार पडला तरी फोडतच होते. तीन छिन्न्या मोडल्या म्हणे. आज पुन्हा लाल वाहतंय."

मिस्त्रींनी डोळे मिटले. सहा महिने, तिचे केस, आणि पुन्हा लाल. मग एकाएकी त्यांनी डोळे उघडले.

"दिवसभर? तीन छिन्न्या? पण अशी कशी लागेल? चार दिवसांचं पाणीही पुरतं झालं नव्हतं. ती आतून कच्ची राहायला हवी."

बायकोनं हनुवटी वर केली. नुसती बघत राहिली.

"तू?" ते म्हणाले.

"मग कोण? बाईंच्या हातात द्यायचं होतं? त्या भिरकावतात."

"अगं पण तुझे हात..."

"डबा कोपरात अडकवायचा आणि अंग तिरकं करायचं. येतं हळूहळू. पहिल्या दिवशी निम्मं पाणी माझ्याच पायांवर. पोलीस होता पहाऱ्याला, तो म्हणाला, 'मावशी, मुद्देमालाला हात लावता येणार नाही.' म्हटलं, हात कुठे लावतेय, हात आहेत कुठे मला? तो दुसरीकडे बघायला लागला." तिनं मान हलवली, केस झटकायला, आणि केस नाहीत हे बहुधा तिला मधेच आठवलं. "सकाळ, दुपार, संध्याकाळ. सातवा दिवस होईपर्यंत. एकही चुकवलं नाही."

मिस्त्रींना रडू आलं. लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"पुरे," ती म्हणाली. "वेळ संपत आला. बाईंनी विचारायला सांगितलंय, सिमेंट किती आणि वाळू किती. त्यांना शिकायचंय म्हणे. टेलरच्या अंगणात रोज विटा रचतात आणि पाडतात."

"बाईंना? बाईंना नाही जमायचं."

"सिस्टरना जमतंय थोडं. सांगा लवकर."

शिपायानं काठी आपटली. मिस्त्रींनी नाक पुसलं.

"एकास तीन," ते म्हणाले. "वाळू चाळून घ्यायची. विटा आदल्या दिवशी भिजवायच्या. आणि बांधून झालं की पाणी..."

"ते मला माहीत आहे," बायको म्हणाली आणि उठली.